कण्यातला बाक



श्रावणात आमच्या आजऱ्यात पावसाची झड असते. नागपंचमीला घरात विळी आणि तवा दोन्ही बंद. यंदा त्याच दिवशी पुण्याहून आलेल्या भाच्यानं मोबाइलवर पिवळाधमक साप दाखवला. "मामी, बिनविषारी आहे. पाळायला घेऊ का?"

म्हटलं, आधी त्याचा इतिहास बघू.

हा बॉल पायथन, म्हणजे छोटा अजगर. मूळचा पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या देशांतला; रंग काळा-तपकिरी. १९९२ साली अमेरिकेत पिवळ्या-पांढऱ्या रंगाची पहिली पिल्लं माणसानं पैदा करवली. तिथून नव्या रंगांची चढाओढ लागली. रंग टिकावा म्हणून जवळच्या नात्यातलेच साप जुळवले जाऊ लागले. 'कॅरॅमल' नावाच्या रंगात तर कणा वाकडा घेऊनच जन्मणारी पिल्लं वरचेवर निघाली.

दुसरं कारण उबेचं. रानात मादी सुमारे दोन महिने अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. पेटीत उष्णता जास्त झाली, तर अंड्यातच मणके वाकडे जुळतात. एकदा वाकलेला कणा सरळ होत नाही. बाक मोठा असेल तर गिळलेलं पुढे सरकत नाही, मादीची अंडी अडकतात.

'स्पायडर' नावाच्या रंगात कणा ठीक असतो, पण आतल्या कानाच्या दोषामुळे डोकं डुगडुगतं. ब्रिटनमधल्या सर्पप्रेमींच्या एका संस्थेनं २०१८ साली आपल्या प्रदर्शनांत त्याची विक्री बंद केली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं देशी साप पाळता येत नाहीत. अशा परदेशी सापांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी सक्तीची झाली. पण नोंदणीनं कणा सरळ होत नाही.

जळत्या लाकडातल्या नागयुगुलाची पार्श्वकुमारांना दया आली, ही कथा भाच्याला पाठ आहे. मी एवढंच म्हटलं, "हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिन्ही प्रकारची असते. पैदास करणारा एक, विकत घेऊन करवणारे आपण, आणि व्हिडिओ बघून वा म्हणणारेही आपणच."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण जे वाकडे जन्मलेत त्यांचं काय?"

प्रश्न खरा होता. ज्यांच्या घरी असे जीव आहेत त्यांनी ते शेवटपर्यंत सांभाळावेत, आपल्या रानात सोडू नयेत, त्यांची वीण वाढवू नये. आपण मात्र नवा मागू नये.

दुसऱ्या दिवशी तवा चढला. भाच्यानं तो साप पुन्हा दाखवला नाही.