ऑक्टोबरची वारी आणि हचिन्सनचं मैदान

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू तिकडे इतकी वर्षं काढलीस, तिकडचं काहीतरी लिही." मी टाळाटाळ करत होतो. तेवढ्यात आपल्या 'सहा नंबर'चा फोन आला. आपल्या १९८६ च्या बॅचला तो कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो, की फक्कीने आखलेल्या त्या लाल मातीच्या कोर्टवर रिंगखाली तो उभा राहिला की समोरचा संघ निम्मा हरलेला असायचा. मी त्याच संघातला बारावा, म्हणजे पाण्याची बादली आणि टॉवेल सांभाळणारा.

मेळाव्याच्या तयारीचं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "काय रे, तुझ्या त्या अमेरिकेत माझ्यासारख्याचं काय झालं असतं?"

प्रश्न हसत विचारला होता, पण मला हसू आलं नाही. १९८६ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि त्याचं गणित राहिलं. एका कॉलेजने खेळाच्या कोट्यातून घेतो असा शब्द दिला होता. निकालानंतर पीटीचे सर सायकलवरून तीन वेळा तिथे जाऊन आले, पण तो शब्द कुणालाच आठवेना. सहा नंबरने ऑक्टोबरची वारी केली, गणित सोडवलं. पण तोवर वर्ष गेलं होतं, संघ पांगला होता आणि वडिलांच्या दुकानाला माणूस हवा होता. त्यानंतर तो स्पर्धेत खेळला नाही.

म्हणून त्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच लिहायचं ठरवलं. इतिहासाच्या बाई मेळाव्याला येणार आहेत असं कळलं आहे. तेव्हा बाई, उत्तर तुमच्याच पद्धतीने लिहितो: कारणे, घटना, परिणाम.

कारणे

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत बारावीपर्यंत शाळाच असते. ज्युनिअर कॉलेज त्यानंतर येतं: दोन वर्षांचं, कमी फीचं, बहुधा घराजवळचं. तिथली दोन वर्षं पुरी करून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ मध्ये सुरू झालेलं कॉलेज हे यातलं सर्वांत जुनं सार्वजनिक कॉलेज. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळाली आणि अशा कॉलेजांची संख्या झपाट्याने वाढली.

खेळात मात्र त्यांना पंगतीबाहेर बसवलं होतं. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या तेरा कॉलेजांनी विद्यापीठांच्या 'एनसीएए' या संघटनेकडे अर्ज केला, की आमच्या धावपटूंना तुमच्या मैदानी स्पर्धेत उतरू द्या. अर्ज फेटाळला गेला. तेव्हा त्यांनी १९३८ मध्ये फ्रेस्नो इथे स्वतःची संघटना उभी केली, ती 'एनजेसीएए'. तिची पहिली बास्केटबॉल स्पर्धा १९४८ मध्ये मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला झाली आणि पुढच्याच वर्षी ती कॅन्सस राज्यातल्या हचिन्सन या छोट्या गावी आली. पुरुषांची स्पर्धा आजही तिथेच भरते.

दुसरं कारण आपल्या बॅचच्या जिव्हाळ्याचं आहे. विद्यापीठाच्या संघात खेळायचं तर शाळेत किमान किती गुण हवेत, याचा एनसीएएचा नियम १९८३ मध्ये मंजूर झाला आणि १९८६ पासून लागू झाला. तो 'प्रपोझिशन ४८' म्हणून ओळखला जातो. अकरा मुख्य विषयांत चारपैकी दोन गुणांची सरासरी आणि सॅट या प्रवेशपरीक्षेत ७०० गुण, किंवा एसीटी या दुसऱ्या परीक्षेत १५. एवढे नसतील तर पहिल्या वर्षी खेळता येत नव्हतं. म्हणजे ज्या वर्षी आपल्या सहा नंबरला गणिताने अडवलं, त्याच वर्षी तिकडेही शेकडो मुलं अशाच कागदापाशी अडकली. फरक इतकाच की त्यांच्यापुढे ज्युनिअर कॉलेजचा दुसरा दरवाजा होता. दोन वर्षं तिथे खेळायचं, पदविका मिळवायची आणि उरलेली दोन वर्षं विद्यापीठाकडून खेळायची.

घटना

या वाटेने गेलेल्यांत स्पेन्सर हेवुड हे मोठं नाव. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड स्टेट ज्युनिअर कॉलेजात एक वर्ष खेळून, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला गेला. सुवर्णपदक जिंकणाऱ्या त्या अमेरिकन संघात सर्वाधिक गुण त्याचेच होते. परतल्यावर तो डेट्रॉइट विद्यापीठाकडून खेळला.

पुढचा बॉब मॅकाडू. इंडियानातल्या व्हिन्सेन्स कॉलेजने १९७० मध्ये हचिन्सनची स्पर्धा जिंकली, त्या संघात तो होता. नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ शाळेतून निघालेली मुलं घेऊन चार वर्षं घडवणारे. ज्युनिअर कॉलेजातून खेळाडू घेणं हा त्यांच्या लेखी अपवाद. तो अपवाद त्यांनी मॅकाडूसाठी केला. १९७२ मध्ये त्यांचा संघ देशातल्या शेवटच्या चारांत पोचला आणि १९७५ मध्ये मॅकाडू एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

माझ्या मनात घर करून असलेली गोष्ट मात्र कीथ स्मार्टची. कॅन्ससमधल्या गार्डन सिटी या गुराढोरांच्या बाजाराच्या गावी तो दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात खेळला. इंडियाना विद्यापीठाचे बॉब नाइट अतिशय कडक प्रशिक्षक, आणि ज्युनिअर कॉलेजच्या मुलांकडे फारसे न वळणारे. १९८६ मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत क्लीव्हलँड स्टेटकडून हरला. पुढच्या हंगामात त्यांच्याकडे असे दोन नवे खेळाडू होते: स्मार्ट आणि सॅन फ्रान्सिस्को सिटी कॉलेजचा डीन गॅरेट. ३० मार्च १९८७ ला न्यू ऑर्लिन्समध्ये सिरॅक्यूजविरुद्ध अंतिम सामना झाला. शेवटची काही सेकंदं उरलेली, इंडियाना एका गुणाने मागे. डाव्या बाजूने, बेसलाइनजवळून स्मार्टने उडी मारून चेंडू टाकला. ७४-७३. स्मार्टचं स्वतःचं गाव बॅटन रूज तिथून तासाभराच्या अंतरावर. संघातला नवखा गडी घराजवळच्या मैदानावर विजेतेपद मिळवून देऊन गेला.

आणि जेरी टार्केनियन यांच्याशिवाय हा इतिहास पुराच होत नाही. ते स्वतःच ज्युनिअर कॉलेजचे प्रशिक्षक होते. रिव्हरसाइडला १९६४ ते १९६६ अशी लागोपाठ तीन आणि पॅसाडिनाला १९६७ मध्ये एक, अशी कॅलिफोर्नियाची चार राज्य विजेतेपदं त्यांनी मिळवली. १९७३ मध्ये ते लास वेगासच्या विद्यापीठात गेले, तेव्हा या कॉलेजांत कोण किती पाण्यात आहे हे त्यांना पाठ होतं. दुसऱ्यांनी नाकारलेली मुलं त्यांनी उघडपणे घेतली. त्यांचा लॅरी जॉन्सन टेक्सासच्या ओडेसा कॉलेजातून आला, डेव्हिड बटलर आणि मोझेस स्करी सॅन जसिंटोहून. २ एप्रिल १९९० ला डेन्व्हरमध्ये या संघाने ड्यूक विद्यापीठाला १०३-७३ असं हरवलं. राष्ट्रीय अंतिम सामन्यात कुणी तीस गुणांनी जिंकल्याचं त्याआधी घडलं नव्हतं. पुढच्या वर्षी एनबीएच्या निवडीत पहिलं नाव लॅरी जॉन्सनचं होतं.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं विचिटाला होतो. तिथून हचिन्सन गाडीने तासाभरावर. मार्चमध्ये स्पर्धा लागली की मी रजा काढून जायचो. कोर्टापेक्षा मला प्रेक्षकांतली एक जात बघायला आवडायची. विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेला शर्ट, हातात वही, चेहऱ्यावर काही दिसू न देणारी माणसं. हे सहायक प्रशिक्षक, खेळाडू हेरायला आलेले. मुलाने किती गुण केले याच्या नोंदीत त्यांना फार रस नसे. पंचाने चुकीची शिट्टी मारली की मुलगा काय करतो, बाहेर बसवल्यावर मान खाली घालतो की टाळ्या वाजवतो, याची ते नोंद घेत. नंतर ते त्याचं गुणपत्रक मागवत. कोणते विषय विद्यापीठ मान्य करील, किती बुडतील, याचा हिशेब जमला तरच बोलणी पुढे सरकत. म्हणजे शेवटी कागद तिथेही आडवा येतोच.

परिणाम

बाई नेहमी सांगायच्या, परिणाम चांगले आणि वाईट दोन्ही लिहा.

चांगले असे. विद्यापीठाला वीस वर्षांचा, अंगाने भरलेला, सामन्याचा सराव असलेला गडी मिळतो. मुलाला दुसरी संधी मिळते आणि बहुधा शिष्यवृत्तीही. (कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांना मात्र खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, तिथली मुलं अर्धवेळ कामं करून खेळतात.) गावाला एक आठवडा देशाच्या नकाशावर जागा मिळते.

वाईटही आहेत. हातात दोनच वर्षं असल्याने पहिल्या वर्षी जम बसला नाही तर खेळाडू अर्धा संपतो. नुसते सोपे विषय घेऊन खेळण्यापुरता पास झालेला मुलगा विद्यापीठात पोचतो आणि पदवीविना बाहेर पडतो. प्रपोझिशन ४८ चा फटका गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय मुलांना फार अधिक बसला. तो नियम आणखी कडक करून अशा मुलांची शिष्यवृत्तीही काढायचं ठरलं, तेव्हा जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन १४ जानेवारी १९८९ ला सामना सुरू होण्याआधी निषेध म्हणून कोर्टवरून निघून गेले. टार्केनियन यांचं एनसीएएशी भांडण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८८ मध्ये तिथे ते ५-४ ने हरले, आणि दहा वर्षांनी संघटनेने त्यांना पंचवीस लाख डॉलर देऊन वाद मिटवला.

आता वारं पुन्हा फिरलं आहे. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणं सोपं झाल्यामुळे तयार खेळाडूसाठी हचिन्सनलाच जायला हवं असं उरलेलं नाही. दुसरीकडे, ज्युनिअर कॉलेजची वर्षं विद्यापीठाच्या चार वर्षांतून का वजा करता, असा दावा डिएगो पाविया या फुटबॉलपटूने केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला पुढच्या हंगामात खेळण्याची वाट मोकळी करून दिली.

उत्तर

तर मित्रा सहा नंबर, तुझं काय झालं असतं?

तू सहा फूट एक इंच. आपल्या जिल्ह्यात त्या उंचीवर तू सेंटर होतास. तिकडे तुला गार्ड खेळावं लागलं असतं आणि तुझं ते डाव्या हाताचं ड्रिबलिंग बघून त्यांनी डोक्याला हात लावला असता. स्मार्ट तुझ्याच उंचीचा. तू स्मार्ट झाला असतास असं मी म्हणणार नाही. गार्डन सिटीत त्याच्याबरोबर खेळलेल्या बाकीच्यांची नावं मलाही सांगता येत नाहीत. पण एक नक्की. त्या जूनमध्ये तुला कुणीतरी म्हटलं असतं, "गणित राहिलंय ना? ये, दोन वर्षं इथे खेळ, गणितही इथेच सोडव." खेळ आणि गणित यांतलं एक निवड, असं तुला कुणी सांगितलं नसतं.

हे लिहिताना मला सरांची सायकल आठवते. सर आज आपल्यात नाहीत. तीन फेऱ्या मारून ते मैदानावर परत आले, तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो आणि एकानेही विचारलं नाही की सर, काय झालं. मीही नाही. माझे गणितात बरे गुण होते. त्या ऑक्टोबरआधी रोज तासभर तुझ्याबरोबर बसणं मला अवघड नव्हतं. मी अकरावीच्या पुस्तकांना कव्हरं घालत बसलो.

म्हणून मेळाव्याच्या दिवशी मी एक गोष्ट मांडणार आहे. आपल्या बॅचमध्ये इंजिनिअर आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, दोघी तर गणिताच्याच शिक्षिका आहेत. शाळेच्या संघातल्या मुलामुलींसाठी, सराव संपल्यावर, त्याच मैदानाला लागून असलेल्या खोलीत रोज एक तास गणित आणि इंग्रजी. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, खोली मिळेल. मी आता इथेच आहे, आठवड्याचे दोन दिवस माझे.

आणि सहा नंबर सकाळी साडेसहाला कोर्टवर मुलांना शिकवायला तयार आहे. अट एकच घातली आहे त्याने: मी बादली आणि टॉवेल घेऊन यायचं.