फ्रँक्लिनची वही

श्रोतेहो, जमाखर्चाची वही आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं असते. आज मिळालें किती, गेलें किती, शिल्लक काय राहिली, हें तींत रोजच्या रोज मांडलें जातें. परंतु आजचा दिवस मीं कसा घालविला, माझ्या हातून कोणता दोष घडला, याचा जमाखर्च मांडणारा माणूस विरळा. असा एक माणूस अठराव्या शतकांत अमेरिकेंत होऊन गेला. धंद्यानें तो मुद्रक होता. पुढें शास्त्रज्ञ, मुत्सद्दी आणि एका नव्या राष्ट्राच्या संस्थापकांपैकीं एक म्हणून त्याची कीर्ति झाली. बेंजामिन फ्रँक्लिन हें त्याचें नांव. त्याच्या थोरवीचीं वर्णनें आपण पुष्कळ ऐकलीं असतील. मी आज बोलणार आहें तें त्याच्या एका लहानशा वहीविषयीं. धर्म, संसार आणि धंदा या तीन गोष्टी एकाच आयुष्यांत नांदविण्याची खटपट त्यानें कशी केली, ती कोठें साधली आणि कोठें फसली, हें त्या वहीच्या आधारानें पाहण्यासारखें आहे.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजीं बोस्टन शहरीं झाला. बाप जोसाया हा इंग्लंडांतून येऊन तेथें वसलेला. चरबीच्या बत्त्या आणि साबण करून विकणें हा त्याचा धंदा. दोन बायकांपासून त्यास एकंदर सतरा मुलें झालीं. मुलग्यांत बेंजामिन सर्वांत धाकटा. बाप मोठा धर्मनिष्ठ. हा मुलगा देवाच्या कार्यास द्यावा, म्हणजे धर्मोपदेशक करावा, असें त्यानें ठरविलें आणि आठव्या वर्षीं त्यास शाळेंत घातलें. परंतु एवढ्या मोठ्या कुटुंबाला शिक्षणाचा खर्च झेपेना. दहाव्या वर्षीं मुलगा बापाच्या हाताखालीं बत्त्यांच्या वाती कापूं लागला, आणि बाराव्या वर्षीं जेम्स नांवाच्या वडील भावाच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. भावाचा हात फार चाले. शेवटीं १७२३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, बेंजामिन घर सोडून पळाला तो फिलाडेल्फियास पोंचला. धर्मोपदेशक व्हावयाचा मुलगा अशा रीतीनें परमुलखांत पोटासाठीं खिळे जुळवूं लागला.

पुढें १७२८ सालीं त्यानें भागीदारींत स्वतःचा छापखाना काढला. दुसऱ्या वर्षीं एक रखडलेलें वर्तमानपत्र विकत घेऊन तें नांवारूपास आणिलें. १७३२ सालीं ‘पुअर रिचर्ड’ या नांवाचें पंचांग सुरू केलें. तें पंचवीस वर्षें चाललें आणि वर्षास सुमारें दहा हजार प्रतींपर्यंत खपलें. उद्योगी असणें जितकें जरूर तितकेंच लोकांच्या दृष्टीस उद्योगी दिसणेंहि जरूर, हें त्यानें लवकरच ओळखलें. विकत घेतलेला कागद तो कधीं कधीं स्वतःच हातगाडीवर घालून भर रस्त्यांतून घरीं आणी. कर्ज वेळेवर फिटत गेलें, पत वाढली, आणि पतीबरोबर धंदा वाढला.

या धंद्यांत अर्धा वांटा त्याच्या पत्नीचा होता, हें विसरून चालणार नाहीं. १७३० सालीं डेबोरा रीड हिच्याशीं त्यानें संसार मांडला. ती दुकान संभाळी, छापलेल्या पुस्तिकांच्या घड्या घालून त्या शिवी, कागदवाल्यांसाठीं जुन्या चिंध्या विकत घेई. नोकर थोडे, सामान साधें, न्याहारीला मातीच्या वाडग्यांत दूधपाव. एके दिवशीं मात्र चिनी मातीचा वाडगा आणि चांदीचा चमचा समोर आला. आपला नवराहि शेजाऱ्यांइतकाच चांदीच्या चमच्यास योग्य आहे, यापलीकडे बाईजवळ दुसरें कारण नव्हतें! फ्रँक्लिननें ही हकीकत कौतुकानें लिहून ठेविली आहे.

आतां वहीकडे वळूं. निर्दोष आयुष्य जगावें असें या तरुण मुद्रकाच्या मनानें घेतलें. परंतु एका दोषावर नजर ठेवावी तों दुसरा मागून येऊन गांठतो, असा अनुभव त्यास येऊं लागला. नुसत्या निश्चयानें माणूस सुधारत नाहीं. वाईट संवय मोडावी लागते आणि तिच्या जागीं चांगली बसवावी लागते, हें त्याच्या ध्यानांत आलें. म्हणून त्यानें तेरा गुणांची यादी केली: मिताहार, मितभाषण, व्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा, न्याय, संयम, स्वच्छता, शांतवृत्ति, ब्रह्मचर्य आणि नम्रता. वहीच्या एकेका पानावर सात दिवसांचे उभे रकाने आणि तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी. रात्रीं निजण्यापूर्वीं दिवसाची झडती घ्यावयाची, आणि ज्या गुणाविरुद्ध वर्तन झालें असेल त्याच्या चौकटींत काळा ठिपका द्यावयाचा.

यांतील खरी युक्ति पुढेंच आहे. तेराहि गुण एकदम हस्तगत करण्याचा हव्यास त्यानें धरला नाहीं. एका आठवड्यांत एकाच गुणावर कटाक्ष ठेवावयाचा. बाकीचे नेहमींसारखे चालूं द्यावयाचे. बागेंतील तण काढणारा माणूस एकेक वाफा साफ करीत जातो, तशी ही रीत. तेरा आठवड्यांत एक फेरी पुरी होई आणि वर्षांत बरोबर चार फेऱ्या बसत. गुणांचा क्रमहि विचारपूर्वक लावलेला होता. मिताहार पहिला, कारण डोकें स्वच्छ राहिलें तरच पुढील गुणांवर पहारा ठेवतां येतो. ठिपके खोडून पुन्हां तेंच पान वापरतां वापरतां कागदास भोकें पडलीं, तेव्हां त्यानें हस्तिदंती पानांवर तांबड्या शाईनें रेघा आंखून घेतल्या. त्यांवर शिसपेनीनें केलेली खूण ओल्या स्पंजानें पुसून टाकतां येई.

वहींत दिवसाचें वेळापत्रकहि होतें. पहांटें पांचला उठणें, आज कोणतें सत्कृत्य करावयाचें हें ठरविणें, आठपासून बारापर्यंत काम, दोन तास भोजन, वाचन व हिशेबाची तपासणी, पुन्हां सहापर्यंत काम, नंतर आवराआवर, जेवण, गायनवादन व गप्पागोष्टी, आणि दिवसाचा आढावा घेऊन दहाला झोंप. कागदावर हें मोठें सुरेख दिसतें! परंतु व्यवस्थेच्या ओळींत त्याला जन्मभर ठिपके द्यावे लागले. गिऱ्हाइकें आपल्या सोयीनें येत, आणि वस्तु जागच्या जागीं ठेवण्याची संवय लहानपणीं न लागल्यामुळें ती पुढें कधींच लागली नाहीं. या अपयशावर तो कुऱ्हाड विकत घेणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगे. कुऱ्हाडीचें सगळें पातें धारेसारखें लखलखीत हवें म्हणून तो चाक फिरवूं लागला आणि थकल्यावर म्हणाला कीं, ठिपक्याठिपक्यांची कुऱ्हाडच मला आवडते! आपलें मन आपणांस असेंच फसवितें, हें फ्रँक्लिनला दाखवावयाचें होतें. नम्रता हा तेरावा गुण तर मूळ यादींत नव्हताच. तुम्ही गर्विष्ठ समजले जातां, असें क्वेकर पंथाच्या एका स्नेह्यानें सांगितलें, तेव्हां तो दाखल झाला.

धर्माच्या बाबतींत त्याचा मार्ग बापापेक्षां निराळा पडला. ईश्वर आहे, तो जगाचें पालन करतो, आणि मनुष्यांचें भलें करणें हीच त्याची उत्तम सेवा, एवढी श्रद्धा त्यानें ठेविली. १७२८ सालीं त्यानें स्वतःपुरती एक उपासनापद्धतिहि लिहून काढली. देवळांत तो क्वचित् जाई. रविवार हा त्याचा अभ्यासाचा दिवस. परंतु कोणत्याहि पंथाच्या मंदिरासाठीं वर्गणी मागावयास कोणी आला तर तो विन्मुख जात नसे. वृद्धापकाळीं, १७८८ सालीं, फिलाडेल्फियांतील यहुदी लोकांच्या प्रार्थनामंदिरासहि त्यानें मदत केली. श्रद्धा आणि धंदा यांचा मेळ त्यास एकंदरींत साधला होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

धंद्याची दुसरी पायरीहि लक्षांत घेण्यासारखी आहे. आपल्या हाताखालील होतकरू कारागिरांस तो दुसऱ्या वसाहतींत पाठवी, यंत्र व खिळे पुरवी, एकतृतीयांश खर्च सोसी आणि एकतृतीयांश नफा घेई. दक्षिण कॅरोलायनांतील असा एक भागीदार १७३८ सालीं वारला. त्याच्याकडून धड हिशेब कधीं येत नसे. त्याची विधवा एलिझाबेथ टिमथी हिनें धंदा हातीं घेतला, आणि दर तिमाहीस चोख हिशेब येऊं लागले! ती हॉलंडांत वाढलेली होती. तेथें मुलींना जमाखर्च शिकवीत. तिनें मुलेंबाळें वाढविलीं आणि शेवटीं तो छापखाना विकत घेऊन मुलाच्या हवालीं केला. मुलींना हिशेब शिकवा, असा उपदेश फ्रँक्लिननें या उदाहरणावरून केला आहे. स्वतः त्यानें १७४८ सालीं डेव्हिड हॉल या भागीदारावर सर्व कारभार सोंपविला आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं छापखान्यांतून अंग काढून घेतलें. धनाचा मोह आवरून वेळ मिळविणें, ही गोष्ट पुष्कळ धनिकांस साधत नाहीं. ती त्यास साधली.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. परंतु श्रोतेहो, संसाराच्या खात्यावर काय शिल्लक राहिली तें आतां पाहूं. फ्रान्सिस हा त्याचा लाडका मुलगा १७३६ सालीं चार वर्षांचा असतांना देवीच्या रोगानें दगावला. फ्रँक्लिन देवी टोंचून घेण्याच्या बाजूचा होता. परंतु मुलाची प्रकृति अतिसारानें बिघडली होती, म्हणून टोंचणें लांबणीवर पडलें, आणि रोग वाट पाहत बसला नाहीं. दुसऱ्या आईबापांनीं ही चूक करूं नये म्हणून त्यानें ती आपल्या आत्मचरित्रांत नमूद करून ठेविली. तें दुःख त्यास अखेरपर्यंत होतें.

१७५७ सालीं तो वसाहतीच्या कामासाठीं लंडनला गेला. मधलीं दोन वर्षें वजा जातां १७७५ पर्यंत त्याचा मुक्काम तिकडेच होता. डेबोराला समुद्राची भीति; ती गेली नाहीं. घर बांधून घेणें, येणेंजाणें पाहणें, सर्व तिनें एकटीनें केलें. १७६५ सालीं स्टँप कायद्याच्या दंग्यांत जमाव घरावर येणार अशी आवई उठली, तेव्हां बंदुका घेऊन ती घरांत ठाण मांडून बसली. १७६७ सालीं मुलीचें लग्न झालें, बाप नव्हता. नंतर डेबोराला पक्षाघाताचा झटका आला. तरीहि राजकारणाच्या पेंचांतून तो परतला नाहीं. १७७४ च्या डिसेंबरांत ती वारली. दहा वर्षांत नवऱ्याचें तोंड तिच्या दृष्टीस पडलें नव्हतें.

आणखी एक गोष्ट. आत्मचरित्राचा पहिला भाग त्यानें १७७१ सालीं लिहिला तो विल्यम या मुलाला उद्देशून. पुढें स्वातंत्र्ययुद्धांत विल्यम राजाच्या पक्षास राहिला, कैदेंत पडला, आणि बापलेकांत कायमचें वितुष्ट आलें. गुणांच्या वहीची हकीकत ज्या दुसऱ्या भागांत आहे तो १७८४ सालीं पॅरिसजवळ लिहिला गेला. त्यांत आतां मुलाला हांक नाहीं. सद्गुणांची जी शिदोरी मुलासाठीं बांधावयाची, ती सोडून दाखविण्याच्या वेळीं मुलगाच दुरावला होता!

ही वही पुन्हां वाचतांना माझें लक्ष एका गोष्टीकडे जातें. तेरा ओळींत काटकसरीला जागा आहे, उद्योगाला आहे, स्वच्छतेलाहि आहे. परंतु बायकोमुलांच्या सहवासाला वेगळी ओळ नाहीं. ज्याला ओळ नाहीं त्याचा ठिपकाहि पडत नाहीं. मागें दुकान आणि घर एकाच छपराखालीं होतें, पतिपत्नी एकाच कामांत होतीं, तेव्हां ही उणीव जाणवली नाहीं; घर दूर राहिलें तेव्हां आठवण देणारें कांहीं उरलें नाहीं. आणि ओळ असली म्हणजे सर्व झालें असेंहि नाहीं. न्यायाची ओळ वहींत होती. तरी त्याच्या घरीं गुलाम होते आणि गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती त्याच्या पत्रांत छापल्या जात. त्या चौकटींत ठिपका द्यावा हें उमगावयास त्याला कित्येक वर्षें लागलीं. १७८७ सालीं तो गुलामगिरीविरोधी मंडळीचा अध्यक्ष झाला, आणि १७९० सालीं, मृत्यूच्या अवघे दोन महिने आधीं, त्यानें त्या बाबतींत काँग्रेसकडे अर्ज केला. वही आपण जें विचारूं त्याचेंच उत्तर देते. काय विचारावें हें ती शिकवीत नाहीं.

म्हणून ती वही टाकाऊ ठरते काय? मुळींच नाहीं. निर्दोषपणा दूरच राहिला, तरी ही खटपट केली नसती तर झालों असतों त्याहून मी बरा व सुखी झालों, असाच त्याचा स्वतःचा निर्वाळा आहे. फेऱ्या पुढें विरळ होत गेल्या, शेवटीं थांबल्याहि. परंतु प्रवासांत ती वही त्याच्या सोबत असे.

१७ एप्रिल १७९० रोजीं तो वारला. मृत्युपत्रान्वयें त्यानें बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांस हजार हजार पौंड दिले होते. ते पंचवीस वर्षांच्या आंतील, उमेदवारी पुरी केलेल्या कारागिरांस धंदा उभारण्यासाठीं शेंकडा पांच व्याजानें द्यावयाचे होते. चांगल्या चालीबद्दल दोघां प्रतिष्ठित नागरिकांची हमी पाहिजे, आणि कारागीर विवाहित असला पाहिजे, अशा अटी होत्या. दोनशें वर्षांची मुदत त्यानें घातली होती, आणि ती १९९० च्या सुमारास पुरीहि झाली. उद्योग, सचोटी आणि संसार हीं तिन्ही त्यानें त्या कलमांत एकत्र बांधलीं. आपल्या वहींत जी ओळ घालावयाची राहिली, ती या म्हाताऱ्यानें दुसऱ्यांच्या वहींत घालून ठेविली, असें मला वाटतें.

श्रोतेहो, माझी वेळ संपली. आज रात्रीं जमाखर्च लिहून झाल्यावर आपणहि एक कोरें पान उघडा. गुण तेराच पाहिजेत असें नाहीं, तीन पुरेत. मात्र रेघा आंखण्यापूर्वीं घरांतल्या माणसांना एकदां विचारा, कोणती ओळ राहिली आहे?