मणी, वाळू आणि बाळाचा श्वास

बाळ जन्मल्यावर षष्ठीपूजन करण्याचा प्रघात आपल्या घराघरांतून चालत आला आहे. त्या रात्री सटवी बाळाचा ललाटलेख लिहिते, अशी श्रद्धा आहे. जन्मानंतरचे पहिले दिवस जिवाला फार घोर लावणारे असतात, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु खेड्यातील बाळ त्या दिवसांत आजारी पडले, तर उपचार कोणी करावा? या प्रश्नाचे एक प्रमाणसिद्ध उत्तर विदर्भाच्या पूर्व टोकास, गडचिरोली जिल्ह्यात मिळाले. तो इतिहास वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ च्या सुमारास तेथे ‘सर्च’ ही संस्था उभारली. बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया हे होते. त्यावर कोट्रायमोक्झॅझोल हे स्वस्त औषध होते. उणीव होती ती रोग ओळखणाराची. १९८८ मध्ये ५८ गावांत सुईणी व आरोग्यसेवकांना हे ज्ञान देण्यात आले आणि तुलनेसाठी ४४ गावे निवडली गेली. औषध दिलेल्या ६१२ रुग्ण बालकांपैकी शेकडा एकाहूनही कमी दगावली.

न्यूमोनियाची मुख्य खूण म्हणजे जलद श्वास. पण निरक्षर सुईणीने पन्नास-साठ श्वास मोजावे कसे? त्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि रंगीत मणी यांचे साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला, की न्यूमोनिया समजावा. जपमाळ ओढणाऱ्या बोटांना ही विद्या परकी कशी वाटावी?

पुढे १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना नवजात अर्भकांची शुश्रूषा शिकविण्यात आली: वजन घेणे, ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन टोचणे. गावातील बाईच्या हाती सुई द्यावी काय, ही शंका साहजिक होती. तिचे निरसन वादाने नव्हे, मोजदादीने झाले. जंतुदोष झालेल्या अर्भकांत पूर्वी शेकडा १६.६ दगावत, ते प्रमाण २.८ वर आले. हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेले नवजात-मृत्यू तिसऱ्या वर्षी २५.५ झाले, तुलनेच्या ४७ गावांत ते साठाच्या आसपासच राहिले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नवजात बालकांच्या घरी भेटी देऊ लागल्या, त्यामागे या प्रयोगाची प्रेरणा होती.

औषध कुपीत होतेच. ते बाळापर्यंत पोहोचले ते अक्षरशून्य मानलेल्या स्त्रीवर विश्वास टाकल्यामुळे आणि त्या विश्वासाची कसोशीने परीक्षा घेतल्यामुळे, असे आमचे मत आहे. षष्ठीपूजन आपण भक्तिभावाने करावे. परंतु बाळ दूध ओढीनासे झाले, अंग गार पडले किंवा श्वास मिनिटास साठावर गेला, तर मुहूर्त न पाहता वैद्यकीय साहाय्य घ्यावे. ललाटलेख वाचणे आपल्या हाती नाही. श्वास मोजणे निश्चितच आहे.