पेशींना न धरणारे शैवाल

रायपूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही १९६३ साली सुरू झालेल्या येथील वैद्यकीय महाविद्यालयात जिवाणूंचे संवर्धन शिकणारा विद्यार्थी समुद्राचेच देणे हाताळतो. कारण थाळीतील अगार लाल सागरी शैवालापासून काढलेले असते. ऊती अभियांत्रिकीत पेशींच्या वाढीसाठी आज जे शैवालजन्य आधार वापरले जातात, त्यांचा पूर्वेतिहास याच थाळीपाशी सुरू होतो.

१८८१ हे वर्ष या इतिहासात दोनदा येते. जर्मनीत वाल्टर हेसे जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरत. ते उष्म्याने वितळे आणि जिवाणूही ते पचवून टाकत. त्यांच्या पत्नी फॅनी यांनी आपल्या स्वयंपाकघरातील अगार सुचवले. रॉबर्ट कॉख यांच्या १८८२ च्या क्षयरोगावरील निबंधात अगारचा उल्लेख आला. फॅनी यांचा मात्र नाही. त्याच १८८१ मध्ये स्कॉटलंडमधील रसायनज्ञ ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी तपकिरी शैवालातून मिळणाऱ्या अल्जिनचे पेटंट घेतले.

दोन्ही पदार्थांचा गुण एकच : अलिप्तता. बहुतेक जिवाणूंना अगार पचत नाही. प्राण्यांच्या पेशींना अल्जिनेटवर पकड मिळत नाही. १९८० साली लिम आणि सन या संशोधकांनी हाच गुण कामी आणला. उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणारे पेशीपुंज त्यांनी अल्जिनेटच्या सूक्ष्म कुप्यांत ठेवले. कॅल्शियमच्या संपर्कात अल्जिनेट सौम्य तापमानालाच गोठते, म्हणून पेशी जगतात. कुपीच्या भिंतीतून इन्सुलिन बाहेर पडे. प्रतिकारपेशींना आत शिरता येत नसे. मधुमेही उंदरांची रक्तशर्करा दोन ते तीन आठवडे आटोक्यात राहिली.

परंतु ऊती घडवायची तर पेशींनी नुसते जगून भागत नाही. त्यांनी आधाराला धरून पसरावे लागते. येथे अलिप्तता हाच दोष ठरला. १९९९ साली अमेरिकेत डेव्हिड मूनी आणि सहकाऱ्यांनी अल्जिनेटला ‘आरजीडी’ हा तीन अमिनो आम्लांचा क्रम जोडल्याचे काम प्रसिद्ध केले. शरीरातील अनेक प्रथिनांवर पेशी याच खुणेला धरतात. स्नायूंच्या आद्यपेशी आता त्या जेलवर चिकटू आणि वाढू लागल्या.

अगार देणारे गेलिडिएला आणि अल्जिनेट देणारे सरगॅसम आपल्या मन्नारच्या आखातात वाढतात. मच्छीमार स्त्रिया पाण्यात बुडी मारून शैवाल वेचतात. त्यावर पेशीला ओळखू येईल अशी खूण जोडणे हे मात्र प्रयोगशाळेचे काम आहे. त्यासाठी समुद्रकाठीच राहावे लागते असे नाही; ते रायपुरातही होऊ शकते.