शेवटच्याची पहिली पाळी

15 डिसेंबर 2015 रोजी मुंबईत पुण्याच्या नव्या आयपीएल संघाला पहिले नाव घेण्याचा मान मिळाला. पुण्याने महेंद्रसिंग धोनीचे नाव घेतले. राजकोटने सुरेश रैना उचलला. पुन्हा पुणे: अजिंक्य रहाणे. पुन्हा राजकोट: रवींद्र जडेजा. चेन्नई आणि राजस्थान हे दोन संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले होते आणि त्यांचे खेळाडू दोन नव्या संघांनी आळीपाळीने पाच-पाच असे वाटून घेतले. त्या दिवशी बोली लागली नाही, हातोडाही पडला नाही. पहिल्या निवडीला साडेबारा कोटी, दुसरीला साडेनऊ, तिसरीला साडेसात, चौथीला साडेपाच, पाचवीला चार, असे भाव आधीच ठरलेले होते. लिलावाची सवय झालेल्या भारतीय क्रिकेटला हा प्रकार नवा होता. याला म्हणतात ड्राफ्ट.

पुण्याला पहिली पाळी मिळाली ती पैशामुळे. नव्या संघांसाठी उलटी बोली होती. क्रिकेट मंडळाच्या मध्यवर्ती उत्पन्नातून वर्षाला जास्तीत जास्त 40 कोटी रुपये संघाला मिळायचे आणि जो कमीत कमी मागेल त्याला संघ, असा नियम होता. पुण्याच्या मालकांनी शून्याच्याही खाली जाऊन उणे 16 कोटींची बोली लावली. म्हणजे मंडळाकडून काही घ्यायचे नाहीच, वर तेच वर्षाला 16 कोटी देणार. राजकोटची बोली उणे 10 कोटींची होती. ज्याने जास्त सोडले त्याला पहिली निवड मिळाली. ड्राफ्ट ज्या गरजेतून जन्माला आला तिच्याशी याचा मेळ बसत नाही, कारण मूळ ड्राफ्टमध्ये पहिली पाळी श्रीमंताची नसते, हरलेल्याची असते.

ते मूळ अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात आहे. 1930च्या दशकात तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, कॉलेजातून बाहेर पडणारा चांगला खेळाडू मनाला येईल त्या संघाकडे जाई. साहजिकच शिकागो आणि न्यूयॉर्कसारखे बळकट संघ त्याला ओढून घेत. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांना मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्टका हवा होता. तो ब्रुकलिनच्या संघाकडे गेला. बेल यांनी मालकांच्या बैठकीत प्रस्ताव ठेवला, की कॉलेजच्या खेळाडूंची एक यादी करू आणि गेल्या हंगामात जो तळाला राहिला त्याला तिच्यातून पहिले नाव घेऊ देऊ. बेल यांचा संघ स्वतःच दुबळा होता, तेव्हा सूचनेत स्वार्थ होता हे उघड आहे. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की शिकागोचे जॉर्ज हॅलस आणि न्यूयॉर्कचे टिम मारा या वरच्या संघांच्या मालकांनी तो प्रस्ताव मान्य केला. सामने एकतर्फी झाले तर तिकिटे कोण घेणार, हा हिशोब त्यांनाही कळत होता. 19 मे 1935 रोजी ठराव मंजूर झाला.

पहिला ड्राफ्ट 8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. फळ्यावर 90 नावे लिहिली होती. 9 संघांनी 9 फेऱ्यांत 81 नावे घेतली. पहिले नाव शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगरचे. त्याचा पगार परवडणार नाही हे ओळखून बेल यांनी त्याच्यावरचा हक्कच हॅलस यांना देऊन टाकला आणि बदल्यात आर्ट बस हा खेळाडू घेतला. ड्राफ्टमधल्या हक्काची देवघेव अशी पहिल्याच नावापासून सुरू झाली. हॅलस आणि बर्वांगर यांचे पगारावरून जमले नाही. ज्याचे नाव या इतिहासात सर्वांत आधी घेतले गेले तो खेळाडू व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. त्या 81 जणांपैकी निम्मेही लीगमध्ये आले नाहीत.

आज 32 संघ आणि 7 फेऱ्या आहेत. सर्वांत कमी सामने जिंकणारा संघ प्रत्येक फेरीत पहिला आणि सुपर बोल हा अंतिम सामना जिंकणारा शेवटचा. दोघांची कामगिरी सारखीच असेल तर कोणाचे प्रतिस्पर्धी सोपे होते ते पाहिले जाते आणि ज्याचे सोपे होते त्याला आधी पाळी मिळते. सोपे सामने असूनही जो हरला तो जास्त दुबळा, असा त्यामागचा विचार. करार संपून ज्याचे चांगले खेळाडू दुसरीकडे गेले आणि त्या तोडीचे परत मिळाले नाहीत, अशा संघाला तिसऱ्या फेरीपासून पुढे भरपाईच्या जादा निवडी मिळतात.

पाळी विकता येते, हे या पद्धतीचे सर्वांत चमत्कारिक अंग. यंदाची पाळी देऊन पुढच्या वर्षीची घेता येते, खेळाडू देऊन पाळ्या घेता येतात. 12 ऑक्टोबर 1989 रोजी डॅलस काउबॉइजने आपला सर्वांत मोठा खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाच्या संघाला दिला आणि बदल्यात खेळाडूंसोबत पुढच्या काही वर्षांच्या निवडींचा गठ्ठा घेतला. त्या हंगामात डॅलसने 16 पैकी एकच सामना जिंकला. पण त्या निवडींच्या जोरावर एमिट स्मिथसारखे खेळाडू आले आणि पुढच्या सहा-सात वर्षांत संघाने तीन सुपर बोल जिंकले. याच संघात 1991च्या सुमारास माइक मॅकॉय यांनी प्रत्येक पाळीची किंमत मांडणारा तक्ता तयार केला. त्यात पहिली निवड 3000 गुणांची, दुसरी 2600 आणि 32वी 590. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा तक्ता मग इतर संघांनीही वापरायला घेतला. ज्यांचा अजून एकही सामना झालेला नाही, कधीकधी ज्यांची नावेही ठाऊक नाहीत, अशा पोरांवरचे हक्क भाजीबाजारासारखे तोलले जाऊ लागले.

आणि पोरांचे काय? त्यांना कोणी विचारलेच नव्हते. ज्याने नाव घेतले त्याच्याकडेच खेळायचे, नाहीतर घरी बसायचे. वॉशिंग्टनच्या संघाने 1968 साली घेतलेल्या जेम्स ‘याझू’ स्मिथची मान पहिल्याच हंगामात दुखावली आणि कारकीर्द संपली. खुल्या बाजारात आपल्याला दुखापतीची हमी देणारा करार मिळाला असता, असे म्हणत तो न्यायालयात गेला. 1976 साली ड्राफ्ट स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग करतो असा निकाल लागला आणि 1978 साली वरच्या न्यायालयानेही तो मूलतः उचलून धरला. दरम्यान 1977 साली खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यात सामूहिक करार झाला होता. फेऱ्या 17 वरून 12 झाल्या आणि खेळाडूंच्या संमतीने ड्राफ्ट टिकला. दुबळ्या संघाला न्याय देणारी ही व्यवस्था खेळाडूला न्याय द्यायला चाळीस वर्षे उशिरा शिकली.

तळापासून सुरुवात करण्याचा विचार बारामती तालुक्यातल्या पणदऱ्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. नीरा डावा कालवा 1885च्या सुमारास सुरू झाला. पणदरे त्याच्या वरच्या अंगाला, इंदापूर तालुका टेलला, म्हणजे शेवटाला. पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरायचा, पाळीपत्रकात नाव लागायचे आणि आवर्तन सुटले की शेजपाळीने, म्हणजे ठरलेल्या क्रमाने, पाणी घ्यायचे. शेजपाळीचा नियम टेलकडून हेडकडे असा आहे. वरच्याने आधी घेतले तर खालच्यापर्यंत पाणी पोचत नाही, हे जाणूनच तो केला गेला. नियम कागदावर आहे म्हणून टेलची तक्रार संपलेली नाही, हे इंदापूरकरांना सांगायला नको. फरक एवढाच, की पाण्याची पाळी त्या जमिनीची आणि त्या पिकाची असते. मिनेसोटाच्या संघाने केले तसे पुढच्या तीन वर्षांच्या पाळ्या आज विकून मोकळे होता येत नाही.

2016 साली याच पाण्याने क्रिकेटला गाठले. दुष्काळ होता, मैदानांवर पाणी ओतणे चुकीचे ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले आणि पुण्याच्या संघाचे सामने विशाखापट्टणमला गेले. धोनीचा तो संघ आठांत सातवा आला. पुढच्या वर्षी स्टीव्ह स्मिथच्या नेतृत्वाखाली त्याने अंतिम सामना एका धावेने गमावला आणि त्यानंतर संघ विसर्जित झाला.

आपल्या मातीतल्या खेळाकडे, कबड्डीकडे पाहिले तर तिथे पहिल्यापासून लिलावच आहे. प्रो कबड्डीच्या 2014च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरला राकेश कुमार, 12 लाख 80 हजारांना. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई एका वर्षात 36 लाख 40 हजारांवरून 1 कोटी 45 लाखांवर गेला, तो 2019 साली. अशा भावांनी किती घरांची परिस्थिती पालटली असेल, त्याचे मोल मोठे आहे. बोलीत खेळाडूला आपला भाव कळतो. ड्राफ्टमध्ये तो कोणीतरी आधीच ठरवलेला असतो. म्हणून लिलाव मोडून अमेरिकेची नक्कल करावी असे म्हणता येत नाही.

पण समतोलाचे काय? प्रो कबड्डीने सगळ्यांना सारखी थैली दिली, दहाव्या हंगामात प्रत्येकी 5 कोटींची. सारख्या थैलीने सारखे संघ होत नाहीत. तेलुगू टायटन्स आठव्या, नवव्या आणि दहाव्या अशा सलग तीन हंगामांत तळाला राहिला. दहाव्या हंगामाआधी त्याने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले, तरी जिंकले दोनच सामने. त्याच हंगामात विजेता ठरलेल्या पुणेरी पलटणचा कर्णधार होता नगर जिल्ह्यातला असलम इनामदार, जो नवोदित म्हणून या संघात आला आणि इथेच घडला. संघ उभा राहतो तो अशा पोरांवर.

मग कबड्डीच्या संयोजकांनी एवढे तरी करावे. अनुभवी खेळाडूंचा लिलाव चालू द्यावा. गावोगावच्या मॅटवरून वर येणाऱ्या नवोदितांची निवड मात्र गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघापासून सुरू करावी, त्यांच्या किमान मानधनाचा आणि दुखापतीच्या हमीचा आकडा खेळाडूंना सोबत बसवून ठरवावा, आणि तो निवडीच्या आधी जाहीर करावा.