संत जोसेफ वाझ : एकाकी वर्षांची कथा

वेंगुर्ल्यातील डचांच्या वखारीच्या पडक्या भिंती आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची माणसे येथे राहून व्यापार करीत. याच कंपनीने १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले. श्रीलंकेत ती नुसती व्यापारी राहिली नाही, राज्यकर्ती झाली. तिने कॅथोलिक धर्मगुरूंना देशाबाहेर घालविले, मिस्सेवर बंदी आणली आणि चर्चे आपल्या प्रॉटेस्टंट पंथाकडे घेतली. सुमारे तीस वर्षे तेथील भाविकांना धर्मगुरूचे दर्शन नव्हते. अशा देशात गोव्याचा एक धर्मगुरू गुपचूप शिरला, त्याची ही कथा आहे.

संत जोसेफ वाझ यांचा सण १६ जानेवारीला येतो. त्या दिवशीच्या प्रवचनात मी अनेक वर्षे कँडीच्या पावसाचा चमत्कार सांगत आलो. दुष्काळ पडला, राजाने प्रार्थना करण्यास सांगितले, फादर वाझ यांनी गुडघे टेकले आणि पाऊस कोसळला. लोकांना ही गोष्ट आवडते आणि सांगणाऱ्यालाही सोपी जाते. एका वर्षी मिस्सेनंतर रापणकर कुटुंबातील एक बाई सॅक्रिस्टीच्या दारात थांबली. होडीवरचे कर्ज फिटत नव्हते, सलग दोन हंगाम बांगडा रापणीत आला नव्हता आणि मुलगा कामासाठी गोव्याला गेला तो परतला नव्हता. ती म्हणाली, "फादर, तेंच्या मागण्यान पाऊस पडलो. आमच्या मागण्यान कधी पडतलो?"

सेमिनरीत शिकलेली सर्व उत्तरे मला त्या क्षणी आठवली. त्यांतील एकही मी उच्चारले नाही, एवढेच बरे केले. घरी येऊन या संताचे चरित्र पुन्हा वाचावयास घेतले, आणि या वेळी पावसाच्या आधीची पाने सावकाश वाचली.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीस झाला. त्यांचे मूळ घराणे सांकवाळचे. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. श्रीलंकेतील निराधार ख्रिस्ती जनांची हकिकत ऐकून त्यांनी तिकडे जाण्याची परवानगी मागितली. मिळाली ती कानडा प्रांताची कामगिरी. १६८१ साली ते तिकडे गेले आणि तेथे तंट्यातच सापडले. रोमने नेमलेले बिशप थॉमस डी कॅस्ट्रो आणि गोव्याची धर्मसत्ता यांच्यात अधिकाराचा वाद पेटला होता. कुणाच्या हातचे संस्कार वैध, हा प्रश्न साध्या भाविकांच्या घरापर्यंत जाऊन पोहोचला होता. फादर वाझ यांनी चर्चे बांधली, शाळा काढल्या, गावोगाव पायी हिंडले, बिशपांशी नम्रतेने बोलणी केली. तंटा मात्र मिटला नाही. १६८४ साली ते गोव्यास परतले. ज्या कामासाठी पाठविले ते अर्धे राहिले होते, आणि ज्या कामाची ओढ होती त्याचा आरंभही झाला नव्हता.

जुन्या गोव्यात मिलाग्र क्रुसाच्या चर्चजवळ काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. १६८५ साली ते त्यांच्यात सामील झाले आणि या संघाचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी जुवांव नावाच्या गड्याला बरोबर घेऊन त्यांनी श्रीलंकेची वाट धरली. १६८७ साली दोघे मजुरांच्या वेशात जाफन्यास उतरले. वाटेत वाऱ्याने होडी भरकटली होती आणि अन्नपाण्याचे हाल झाले होते. उतरताच फादर वाझ यांना हगवणीने गाठले. रोग पसरेल या भीतीने त्यांना वस्तीबाहेर रानात टाकण्यात आले. पाठोपाठ जुवांवही आजारी पडला. चरित्रकार सांगतात की एक बाई त्यांना पेज आणून देई, आणि त्या पेजेवर दोघे जगले.

ज्या कामासाठी त्यांनी इतकी वर्षे देवाला विनविले, त्या कामाची सुरुवात ही अशी झाली. ना कुणी कॅथोलिक ओळखीचा, ना भाषेचा परिचय, ना मिस्सेसाठी जागा. बरे झाल्यावर ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागू लागले. जपमाळ पाहून कुणाच्या डोळ्यांत ओळख उमटते, एवढेच ते पाहत. घरातील माणसेही सावध असत. हा डचांचा हेर नसेल कशावरून? विश्वास जुळण्यास वेळ लागला.

तो जुळला, आणि त्याची किंमत त्या लोकांनी मोजली. १६८९ च्या नाताळच्या रात्री डच अधिकाऱ्यांनी जाफन्यात छापा घातला आणि सुमारे ३०० भाविकांना पकडले. त्यांच्यापैकी दोम पेद्रू याचा फटक्यांच्या शिक्षेने अंत झाला; इतर काहींना सक्तमजुरी मिळाली. फादर वाझ निसटले. वाचक म्हणतील, देवाने त्यांना वाचविले. खरे आहे. परंतु आपल्यामुळे फटके खाल्लेल्यांचे स्मरण ठेवून दुसऱ्या दिवशी प्रार्थनेस बसणे म्हणजे काय असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता.

तेथून ते पुत्तळमला आणि १६९२ साली कँडीस गेले. कँडीचा राजा डचांच्या ताब्यात नव्हता, म्हणून तेथे आसरा मिळेल अशी आशा होती. पण पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. त्याच कैदेत त्यांनी वेदी उभारली, नाताळची मिस्सा केली आणि सिंहली भाषा शिकण्यास आरंभ केला. त्यानंतर १६९३ साली तो प्रसिद्ध पाऊस पडला आणि राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना मोकळीक दिली.

पावसानंतरही ते एकटेच होते. गोव्याहून मदतीला धर्मगुरू पोहोचेपर्यंत १६९७ साल जवळ आले. साऱ्या श्रीलंकेत दहा वर्षे त्यांच्यासोबत दुसरा धर्मगुरू नव्हता. त्यांना पापनिवेदन करावयाचे झाले, तर ते कुणापाशी करणार?

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्या रोग्यांना रानात सोडून जाऊ लागले. फादर वाझ त्या रानांत जाऊन झोपड्या बांधीत, रोग्यांना धूत, अन्न भरवीत आणि मेलेल्यांना मूठमाती देत. जाफन्याच्या रानात पडलेल्या माणसाला हे काम कुणी शिकविण्याची गरज नव्हती. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचे निधन झाले. पुढे तेथील चर्च पाडले गेले आणि त्यांच्या कबरीची नेमकी जागाही हरवली. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना धन्यवादित घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तेथेच त्यांना संतपद दिले. मधे तीनशे वर्षे गेली होती.

पुढच्या सणाला मी पाऊस दोन वाक्यांत आटोपला आणि वरची सारी हकिकत सांगितली. प्रवचन लांबले, काहीजण घड्याळ पाहत होते. मिस्सेनंतर ती बाई पुन्हा दारात आली. होडीवरचे कर्ज अजून होतेच. या वेळी तिने पावसाचे विचारले नाही.

"फादर, ती पेज घेवन जायत, तेचां नाव काय?"

मी वाचलेल्या एकाही चरित्रात ते नाव दिलेले नाही, असे मी तिला सांगितले.

"असांच," ती म्हणाली, आणि पावळीखाली ठेवलेली आपली टोपली उचलून बाजाराच्या वाटेला लागली.