फुटपाथ कोणाच्या पैशाचा, भाव कोणाच्या प्लॉटचा?

मुंबईत घराचा विषय निघाला की दलाल एकच शब्द फेकतो, 'लोकेशन'. हे लोकेशन आकाशातून पडत नाही. समोर रुंद रस्ता, कडेला फुटपाथ, जमिनीखाली गटार आणि पाण्याचा नळ, याचेच नाव लोकेशन. हे सगळे कोणीतरी पैसे घालून केलेले असते. ते कोणी केले आणि त्याचा फायदा कोणी उचलला, हा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असला पाहिजे, कारण त्यात आपली चाळ आहे आणि आपले राजगृहही आहे.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारला रोगाचे मूळ गिरगाव-मांडवीच्या दाट, अंधाऱ्या वस्त्यांत दिसले, आणि 1898 मध्ये कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. ट्रस्टने वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले. सुरुवातीच्या वर्षांत पाडणे जोरात आणि बांधणे धीमे. ज्यांच्या खोल्या गेल्या ते शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागले. प्लेग हटवायचा म्हणून काढलेल्या योजनेने गर्दी फक्त जागा बदलून उभी केली.

दुसरीकडे शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याची शेते आणि सखल जमीन घेऊन नवी वसाहत आखली गेली. आखीव वसाहतीचे अर्थकारण समजून घ्या. समजण्यापुरते आकडे धरू. 100 एकर जमीन एकरी 1,000 रुपयांनी घेतली, म्हणजे झाले एक लाख. भराव, रस्ते, फुटपाथ, गटारे, नळ यांवर आणखी एक लाख. रस्ते आणि बागांत 35 एकर गेले, देण्याजोगे उरले 65. आता एक एकर पडला जवळपास 3,077 रुपयांना. कर्जाचे व्याज वेगळे, कारण गटार आधी टाकावे लागते आणि पैसा नंतर येतो. ट्रस्टची दोन घरांमधल्या मोकळ्या जागेबद्दलही अट होती, खोलीत उजेड-वारा यावा म्हणून. अट चांगलीच होती. पण मोकळी सोडलेली जागाही जमिनीच्या किमतीत धरावी लागते, आणि गिरणी कामगाराला ते परवडणारे नव्हते.

असे प्लॉट दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने गेले. ते घेऊन वर घर बांधण्याची ऐपत असलेले दादरला गेले. कामगारांसाठी ट्रस्टने चाळी बांधल्या. परळच्या अशाच बीआयटी चाळीत बाबासाहेब विद्यार्थी म्हणून राहिले, बॅरिस्टर होऊन आल्यावरही राहिले. पुढे 1930 च्या दशकात ते राजगृहात गेले. राजगृह आहे दादरच्या हिंदू कॉलनीत, त्याच ट्रस्टने आखलेल्या भूभागात. चाळीची खोलीही ट्रस्टची आणि कॉलनीचा रस्ताही ट्रस्टचा. परळ ते दादर अंतर किती, चार-पाच किलोमीटरही नाही. पण ते कापायला एवढ्या विद्वान माणसालाही वीसएक वर्षे लागली.

आता पैशाकडे येऊ. ट्रस्टला सरकारी आणि पालिकेच्या जमिनी मिळाल्या, कर्जरोखे काढता आले आणि पालिकेच्या उत्पन्नातून दरवर्षी हिस्सा मिळत राहिला. पालिकेचे उत्पन्न म्हणजे कर. चाळमालक कर भरतो असे कागदावर दिसते, पण तो वसूल होतो भाडेकऱ्याच्या भाड्यातून. म्हणजे दादरच्या फुटपाथात परळच्या खोलीतल्या माणसाचाही पैसा होता. शिवाय गटारात उतरणारे हात कोणत्या जातीचे होते हे वेगळे सांगायला नको. 1933 मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. प्लॉटचा चढलेला भाव मात्र ज्याच्या हाती पट्टा होता त्याच्याकडेच राहिला.

यावर उपाय कोणाला सुचलाच नव्हता असे नाही. 1915 च्या नगररचना कायद्यात योजनेमुळे जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीचा काही भाग मालकाकडून घ्यायची तरतूद होती. आणि 4 ऑगस्ट 1923 ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली, चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून 1927 मध्ये बाबासाहेबांना तिथे जाऊन पाणी प्यावे लागले. आम्ही महाडकडे माणुसकीचा लढा म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात हिशेबाचाही मुद्दा होता. पैसा सर्वांचा, मग वापर काहींचाच का? तळ्याला लागू असलेला हा प्रश्न रस्त्याला आणि गटाराला का लागू नाही?

फुटपाथाची गोष्ट तर याहून विचित्र. 1985 च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण फुटपाथवर राहण्याचा हक्क नाकारला. फुटपाथ चालण्यासाठी आहे, हे आम्हालाही मान्य. त्यावर माणूस का झोपला, याचे उत्तर मात्र वरच्या 65 एकरांच्या गणितात आहे.

आज बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी 500 चौरस फुटांचे घर, फुकट. बीआयटी चाळींतही बैठका होत आहेत. आपली पोरे या बैठकांत घराचा आकार आणि मजला विचारतात. त्यांनी नकाशा मागावा. आतला रस्ता आणि फुटपाथ पालिकेकडे जाणार की सोसायटीच्या गळ्यात पडणार? पंप, लिफ्ट, मलनिस्सारण यांचा महिन्याचा खर्च किती, आणि ठेव किती ठेवली आहे? विक्रीच्या टॉवरला मोठ्या रस्त्याची बाजू आणि आपल्या इमारतीला मागची गल्ली, असे आहे का? उत्तर लेखी घ्या, आणि सह्या त्यानंतर करा.